त्याची मराठी काढून घेऊ नका



माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठी पेपरांत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द फारसा पटत नाही, कारण आमचं पोरगं स्वतःत मग्न वगैरे काही नसतं. गल्लीत कुणाची गाडी शिरली हे ते न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखतं. पण ते राहू द्या. मला लिहायचं आहे ते भाषेबद्दल.

आपल्या गावात एका लेकराच्या कानावर किती भाषा पडतात बघा. घरात आणि चर्चमध्ये मराठी, अंगणवाडीत आणि शाळेत कन्नड, बाजारात दखनी, जहीराबादकडचे पाहुणे आले की तेलुगू. बाकीची मुलं यातून आपोआप वाट काढतात. पण ज्याला बोलायला उशीर होतो, त्याच्या आईला पहिला सल्ला ठरलेला: "भाषा जास्त झाल्या म्हणून पोर गोंधळलं. एकच ठेवा." एका मोठ्या शहरातल्या थेरपिस्टबाईंनी आम्हालाही तेच सांगितलं. घरात मराठी बंद करा, शाळेची तेवढी बोला.

आमच्या सासूबाईंना भाजीवाल्यापुरती दखनी येते, कन्नड जेमतेम. दिवसभर मुलाजवळ त्याच असतात. त्या म्हणाल्या, "मग मी लेकराशी काय हातवारे करू?" आणि त्यांनी ते सरळ ऐकलंच नाही.

सासूबाईंचं बरोबर होतं. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या ऑटिझमच्या मुलांचा कॅनडात अभ्यास झाला आहे. दुसऱ्या भाषेमुळे त्यांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं त्यात दिसलेलं नाही. भाषेमुळे ऑटिझम होतही नाही. तो मेंदूच्या घडणीतच असतो. दोष मात्र कुणावर तरी ठेवावाच लागतो. १९४३ साली बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची माहिती प्रथम छापली. पुढे कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी आईच्या कोरडेपणाला बोल लावत राहिली. तो समज कधीच खोटा ठरला. आपल्याकडे तो "हिनं मोबाईल दिला" किंवा "बाहेरचं काही लागलंय" असा नवे कपडे घालून येतो, एवढंच.

आता आमच्या मुलाचं बोलणं कसं आहे ते सांगते, म्हणजे रस्त्यात भेटला तर तुम्हाला कळेल. त्याला तहान लागली की तो आजीला विचारतो, "पाणी पायजे का?" हा प्रश्न नाही. आपण त्याला जे विचारतो तेच वाक्य त्यानं उचललं आहे, आणि त्याचा अर्थ "मला पाणी द्या" असा आहे. शाळेत टीचरला तो म्हणतो, "नीरु बेका?" कुणापुढे कुठली भाषा, यात तो कधी चुकत नाही. तरी लोक म्हणतात, याला काही कळत नाही. तुम्हाला असं विचारलं, तर हसू नका, पाण्याचा ग्लास द्या.

हीच भाषेची अडचण कागदपत्रांत नडते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दाखला मिळाला तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. टक्के ठरवायला जी चाचणी वापरतात, ती आपल्याच ६५ नंबरच्या हायवेवरून पुढं गेलं की लागणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झाली. तिच्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. एकूण ७०च्या खाली आले तर ऑटिझम नाही असं धरतात. नजर देतो का, उत्तर देतो का, तेच तेच बोलतो का, हे मुलाला बघून आणि आईला विचारून लिहितात. विचारणारे कन्नड किंवा हिंदीत विचारतात, आई नुसतं "हां, हां" करते, आणि मुलाचा हिशेब चुकतो. म्हणून आत शिरताच सांगा की घरची भाषा मराठी आहे. मुलाबरोबर दिवसभर जो असतो त्याला सोबत न्या, मग ती आजी का असेना. शाळेतल्या बाईंकडून चार ओळी लिहून घ्या. युडीआयडी कार्ड एकदा झालं की ते देशभर चालतं. बिदरचं कार्ड सोलापुरातही दाखवता येतं.

कार्ड आलं की थांबू नका. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करावा लागतो. हे आईबाप हयात असताना उरकायचं काम आहे. खेड्यातल्यांनी आधी ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठावं. अर्ज भरायला मदत करणं त्याचं कामच आहे.

मंडळीला दोनच विनंत्या. ढोलकी आणि माईक सुरू करण्याआधी आम्हाला खूण करा, आम्ही दोन मिनिटं बाहेर थांबतो. मध्येच उठून गेलो तर रागावलो असं समजू नका. आणि प्रार्थना जरूर करा, पण त्याच्या डोक्यावर एकदम हात ठेवू नका. अचानक स्पर्श झाला की त्याला चटका बसल्यासारखं होतं. आधी हात दाखवा, तो स्वतः डोकं पुढं करतो. पाळकसाहेबांसमोर करतो, तुमच्यासमोरही करील.

कुणाला कागद घेऊन बिदरला जायचं असेल तर मी सोबत येईन. रविवारी उपासनेत मी डाव्या दाराजवळ बसते, पंख्यापासून लांब. कारण पंखा फिरताना दिसला की आमचे चिरंजीव संदेश संपेपर्यंत मान खाली करत नाहीत.