चाकाचा एक खटका

“ताई, हीर कुठं गेली?”

आजोबा माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसले होते, बोट लॅपटॉपच्या पडद्याला टेकलेलं. क्षणापूर्वी त्या बोटाखाली त्यांची विहीर होती. मी माऊसचं चाक दोन-तीन खटके मागे फिरवलं आणि विहीर, काठावरचं आंब्याचं झाड, सगळं करड्या ठिपक्यांत विरून गेलं. पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यातल्या त्या गावात आम्ही उपग्रहाच्या चित्रावरून विहिरी आणि बांध नकाशावर उतरवत होतो. कुठल्या बांधाखालून पाणी कुठे झिरपतं, हे आजोबांना पाठ होतं. मला क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर चालवता येत होतं, पण माझा हात त्यांच्या डोळ्यांच्या पुढे पळत होता. दर दोन मिनिटांनी ते हरवायचे, मग अवघडून गप्प बसायचे.

त्या रात्री मी सेटिंग्ज उघडली. ऑप्शन्समध्ये मॅप टूल्सच्या पानावर झूम फॅक्टर नावाचा आकडा असतो, मुळात 200 टक्के. म्हणजे चाकाच्या एका खटक्याला प्रमाण दुप्पट किंवा निम्मं. 1:500 वरून दोन खटके मागे आलं की 1:2000, पाच खटक्यांत 1:16,000. शेताच्या कोपऱ्यातून थेट अख्ख्या शिवारावर. मधली वाट दिसतच नाही, आणि जागा ओळखणाऱ्या माणसाला ती वाटच हवी असते. आकडा 120 वर आणला तेव्हा तेवढ्याच दुपटीला चार खटके लागू लागले. त्याहून बारीक हवं असेल तर कंट्रोल दाबून चाक फिरवायचं. एकट्याने काम करताना हे संथ वाटतं हे खरं. तरी तो आकडा मी पुन्हा वर नेलेला नाही.

लांब बांधाची रेघ ओढताना दुसरी अडचण येते. बांध पडद्याच्या कडेबाहेर जातो, आणि नकाशा सरकवायला हाताचं चिन्ह निवडलं की रेघेची लय तुटते. स्पेस बार दाबून धरायचा आणि क्लिक न करता माऊस हलवायचा, नकाशा सरकतो. स्पेस सोडला की पुढचा पॉइंट. माझा डावा अंगठा आता स्पेसवरच असतो.

पण सगळ्यात जास्त जपायला हवं ते स्नॅपिंगला. नवा पॉइंट जुन्या रेघेच्या जवळ आला की तिला आपोआप चिकटतो. दोन शेतांच्या मध्ये फट राहू नये म्हणून ही सोय. जवळ म्हणजे किती, तर मुळात 12 पिक्सेल. पडद्यावर ते तीन-सव्वातीन मिलिमीटर भरतात. 1:500 ला जमिनीवर त्याचे साधारण दीड मीटर होतात, तेवढं चालून जातं. 1:5000 ला मात्र तेच 12 पिक्सेल पंधरा-सोळा मीटर होतात. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे दहा मीटर. एक अख्खा गुंठा त्या चिकटण्यात गडप होऊ शकतो! माझ्याकडून एकदा झालंही तसं. घाईत लांबूनच क्लिक केलं आणि एका शेताचा कोपरा ओढ्यापलीकडच्या बांधाला जाऊन चिकटला. आमचा नकाशा पाण्यासाठी होता, मालकी ठरवायला नव्हता. तरी ज्या गावात हातभर बांधावरून भावाभावांत अबोला असतो, तिथे ती रेघ लोकांसमोर गेली असती या विचारानेच मला झोप लागली नाही.

हे अंतर पिक्सेलऐवजी मीटरमध्येही ठेवता येतं. मी अर्धा मीटर ठेवते, आणि 1:1000 च्या मागे जाऊन पॉइंट टाकत नाही. त्याआधी प्रकल्पाचं मोजमाप खरंच मीटरमध्ये आहे ना, हे पाहायचं. त्यासाठी आमच्या भागाला यूटीएम या मीटरमधल्या मोजणीचा 43 वा पट्टा लागतो. नकाशा अक्षांश-रेखांशांत राहिला, तर 0.5 म्हणजे अर्धा अंश, सुमारे 55 किलोमीटर.

गूगल अर्थ प्रोमध्ये मी मुख्यतः एकच गोष्ट बदलते. जमिनीजवळ जाताना दृश्य आपोआप कलतं, ते नेव्हिगेशनच्या पानावर बंद करते. डोंगरउतारावर कललेल्या दृश्यात बांध कुठे संपतो याचा अंदाज चुकतो. दृश्य कललंच तर ‘यू’ दाबून सरळ वरून बघायचं, ‘एन’ दाबून उत्तर वर आणायची. विंडोजमधली पॉइंटरचा वेग हाताच्या वेगाप्रमाणे वाढवणारी सोयही मी काढून टाकली आहे. हात जितका सरकेल तितकीच खूण सरकावी. आमच्यातली एक मुलगी डावखुरी आहे. तिने माऊसची बटणं अदलाबदल करून घेतली, आणि उजव्या क्लिकने आकृती पूर्ण करताना तिचा होणारा गोंधळ थांबला.

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा आले. मी एक खटका मागे घेतला. विहीर थोडी लहान झाली, पण त्यांच्या बोटाखालीच राहिली. आणखी एक खटका, आणखी एक. शेजारची सीताफळाची बाग आत आली, मग पायवाट.

“ही आमची वाट,” ते म्हणाले. बोट काचेवरून सावकाश वर सरकू लागलं. “आता वरच्या अंगाला घ्या. तिथं एक जुनी ताल हाय, झाडीत झाकलीया. तुमच्या फोटोत दिसायची न्हाई, मी दावतो.”

मी स्पेस दाबून धरला आणि त्यांच्या बोटामागून नकाशा सरकवू लागले.