पत्र्याची कडा आणि कंपनचाचणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातील परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी हवा आणि धूर वाहून नेणारे मोठे मार्ग पोलादी पत्र्यांचे असतात आणि पंख्यांमुळे व वाहत्या वायूच्या खळबळीमुळे ते पत्रे थरथरतात. पत्रा कोणत्या वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनांनी, जोराने कंप पावेल हे त्याच्या आकार व जाडीइतकेच कडा कशा धरल्या आहेत यावर ठरते; या धरण्याच्या गणिती वर्णनाला सीमा-अट म्हणतात. गणिताची पारख करण्यासाठी आदर्श सीमा-अटी प्रयोगशाळेत उभ्या कराव्या लागतात.

गैरसमज : बोल्ट घट्ट आवळले की कडा पूर्ण जखडते.

वस्तुस्थिती : जखडलेली कडा जागची हलत नाही आणि तेथे पत्र्याला उतारही येत नाही. ५०० मिलिमीटर बाजूच्या, २ मिलिमीटर जाड चौरस पोलादी पत्र्याची सर्वांत खालची वारंवारता गणिताने चारही कडा मोकळ्या असता सुमारे २७, साध्या आधारावर ३९ आणि जखडल्यास ७२ हर्ट्झ येते. प्रत्यक्षात चौकटही किंचित वाकत असल्याने मोजलेला आकडा बहुधा ७२च्या खाली राहतो. शिवाय अति आवळण्याने पत्र्यात ताण किंवा दाब साठून तो आकडा आणखी बदलतो.

गैरसमज : साधा आधार उभारायला सर्वांत सोपा असतो.

वस्तुस्थिती : येथे कडेने वरखाली न होता मुक्तपणे कलायचे असते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे कठीण असते. केवळ धारेवर टेकवलेल्या पत्र्याचे कोपरे उचलले जातात व तो खडखडतो. म्हणून कडांना काटकोनात पातळ पट्ट्या चिकटवून त्यांचे दुसरे टोक जड चौकटीत बसवतात. पट्टी स्वतःच्या प्रतलात ताठ असल्याने कडेला हलू देत नाही, पण सहज वाकत असल्याने कलू देते.

गैरसमज : दोरीने टांगलेला पत्रा आपोआप मोकळा होतो.

वस्तुस्थिती : दोरीही आधारच असते. टांगलेला पत्रा न वाकता जसाच्या तसा झुलतो ती वारंवारता पहिल्या वाकण्याच्या वारंवारतेच्या एक दशांशाहून कमी, म्हणजे वरील पत्र्यासाठी सुमारे २.७ हर्ट्झखाली, ठेवण्याचा प्रघात आहे.

गैरसमज : पहिली वारंवारता जुळली की सीमा-अट सिद्ध झाली.

वस्तुस्थिती : जाडीतील किंवा चौकटीतील दोन चुका परस्परांना झाकू शकतात, म्हणून अनेक वारंवारता, प्रत्येकीचा कंपनाकार आणि कंप विरण्याचा वेग तपासावा लागतो.

कारखान्यातील पत्र्याची कडा यांपैकी कोणत्याही एका आदर्शात चपखल बसत नाही, तरीही आदर्श चाचणी अनिवार्य ठरते, कारण कडा निश्चित ठाऊक असेल तेव्हाच गणित आणि मापन यांतील फरक नेमका कोठून आला हे सांगता येते.