सहीपुरते पालक

शाळेतल्या समित्या आता चारच, ही 2025च्या एप्रिलमधली बातमी वाचून राज्यभरातल्या मुख्याध्यापकांना हायसं वाटलं असणार. जितक्या समित्या तितकी रजिस्टरं, आणि सह्या मात्र त्याच आठ-दहा माणसांच्या. पालक-शिक्षक संघापासून पोषण आहारापर्यंतची बरीच कामं आता शाळा व्यवस्थापन समितीच्याच पदरात पडली आहेत. कागद कमी झाला, बरंच झालं. शाळेत पालक वाढले का, हे मात्र कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलेलं नाही.

देगलूर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी एकदा असंच एक प्रोसिडिंग बुक चाळत बसलो होतो. सर खिचडीकडे बघायला गेले होते. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ इथपासून ‘ऐनवेळच्या विषयांवर चर्चा’ इथपर्यंत सगळं सुवाच्य अक्षरात, खाली सह्या आणि पाच निळे अंगठे. त्यातल्या एका अंगठ्याच्या मालकीणबाई परतताना वाटेतच भेटल्या, डोक्यावर कडब्याची पेंढी. समितीत आहात ना, म्हटलं. “सर म्हणले अंगठा लावा, लावला.” बैठक कशाची होती? “गॅसची असंल.” मग पेंढी बांधावर टेकवून त्यांनीच मला विचारलं, “आमचं लेकरू वाचतंय का ओ नीट? घरी इचारलं की म्हणतंय, झालं सगळं.”

मी त्या शाळेचा कुणी नव्हतो. मला काय माहीत! पण दोन वर्षं समितीत असलेल्या बाईला हे विचारायला रस्त्यावरचा परका माणूस सापडावा लागला. इतिवृत्तात या प्रश्नाला जागा शोधायची तर ऐनवेळच्या विषयांतच मिळाली असती.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सगळ्यांना पाठ आहे: समितीत 75 टक्के पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. त्याच कायद्याचं कलम 24 फारसं कुणी काढत नाही. शिक्षकानं पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती त्यांना सांगावी, असं ते शिक्षकाच्या कर्तव्यांतच म्हणतं. म्हणजे पेंढीवाल्या बाईंचा प्रश्न ऐनवेळचा नव्हेच. कायद्यानं तो विषयपत्रिकेवर पहिला हवा.

मोजमापाची साधनं नाहीत असंही नाही. शाळांच्या मूल्यमापनासाठीच्या ‘शाळासिद्धी’ चौकटीच्या सात क्षेत्रांतलं सातवं क्षेत्र समाजाच्या सहभागाचंच आहे. त्यात पाच मानकं, प्रत्येकाचे तीन स्तर. समाज हेच शिकण्याचं साधन, असं त्यातलं एक मानक तर मला फार आवडतं. होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आपल्याच देगलूर तालुक्यात आहेत. तिथला एखादा म्हातारा पोरांना तासभर मूर्ती दाखवत हिंडला तर भूगोल-इतिहासाचा महिना सार्थकी लागेल. पण आपला स्तर आधी ठरवणार शाळाच. बाहेरून कुणी तपासायला आलं तर त्यांनाही दाखवायला रजिस्टरच, आणि रजिस्टरात सह्या आहेतच.

यात आणखी एक गोम आहे. 2015च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावांनी शाळांसाठी खरोखर हात सैल सोडला. भिंती रंगल्या, प्रोजेक्टर लागले. त्याचं मोल कमी नाही. पण तेव्हापासून आपल्याकडे ‘लोकसहभाग’ या शब्दाचा अर्थ वर्गणी असा होऊन बसला. ज्याच्याकडे द्यायला पाचशे रुपये नाहीत, तो आपोआप सहभाग नसलेला पालक ठरला.

या विषयावरचा एक अभ्यास मी भेटेल त्या मुख्याध्यापकाला सांगत असतो, काही जण आता मला टाळतातही. जागा उत्तर प्रदेशातला जौनपूर जिल्हा, गावं 280, काळ 2005-06चा. अभ्यास करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, आणि ‘प्रथम’ या संस्थेच्या रुक्मिणी बॅनर्जी. तिथे गावोगाव ग्रामशिक्षण समित्या होत्या, अधिकारही होते. पाहणीत निघालं काय, तर बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि काही सदस्यांना आपण सदस्य आहोत याचाच पत्ता नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी की, आपलं मूल वाचू शकत नाही हेही पुष्कळ आईबापांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी तीन प्रयोग केले. काही गावांत सभा घेऊन समितीचे हक्क समजावले. काही ठिकाणी त्याच्या जोडीला गावकऱ्यांना एक साधी चाचणी शिकवली: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, मुलांना वाचायला लावा आणि गावाचं प्रगतिपत्रक तुम्हीच तयार करा. तिसऱ्या गटात याच्याही पुढे जाऊन गावातल्या तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग कसे घ्यायचे ते शिकवलं. पहिल्या दोन प्रयोगांनी शाळेत काही म्हणता काही हललं नाही. पालक समितीकडे गेले नाहीत, शिक्षकांची हजेरी वाढली नाही, मुलं होती तिथेच राहिली. तिसऱ्यात मात्र वाचनवर्गाला जी मुलं गेली, त्यांच्या वाचनात ठळक फरक पडला. वर्गाला येणारी मुलं थोडीच होती, हेही खरं.

याचा अर्थ काहींनी समित्या मोडीत काढा असा लावला. मला तो पटत नाही. मला दिसतं ते एवढंच: ‘तुम्हाला हक्क आहे’ असं सांगून माणूस शाळेत येत नाही. ‘हे एवढं काम तुम्हाला जमेल, चला’ म्हटलं की येतो.

आता आपल्याकडे बघा. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची वाटणी झाली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं आंध्रात, निजामाबादकडे गेली. मंडळं गेली, सोयरिकी राहिल्या. आजही इथल्या एकेका वर्गातल्या मुलांच्या घरी चुलीपुढची भाषा तेलुगू असते, कानडी असते, दखनी असते, तांड्यावरची गोरमाटी असते. त्यांच्या वहीत लाल शाईनं येतं, ‘पाल्याचा गृहपाठ नियमित करून घ्यावा.’ आईनं हे वाचायचं कसं, आणि वाचून दाखवलं तरी ‘पाल्य’ म्हणजे कोण हे तिला कुणी सांगायचं? मराठी घरातल्या आईलासुद्धा ‘पाल्य’ हा शब्द शाळेच्या फाटकाबाहेर कधी भेटत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. ‘इयत्ता तिसरी पालक’, छान नाव, वर फुलांचा फोटो. पण घरात स्मार्टफोन एकच आणि तो बापाच्या खिशात, बाप हैदराबादेला बांधकामावर. गावात उद्या सकाळी दहाला पालकसभा असल्याचा निरोप हैदराबादेतल्या सातव्या मजल्यावर पोहोचतो. खाली निळ्या दोन खुणा येतात, म्हणजे पालकांनी वाचलं. आणि सभा कधी? ऐन सोयाबीनच्या काढणीत. दिवसाची मजुरी बुडवून जी बाई तिथे येते तिला तासभर शौचालयाच्या दुरुस्तीवर ऐकवायचं, आणि पुढच्या खेपेला ती आली नाही की ‘पालक उदासीन आहेत’ असं लिहायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर हंगामभर पालक म्हणजे आजीच. मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण शाळेच्या यादीत मोबाइल नंबर कारखान्यावर गेलेल्या बापाचाच राहतो.

अशिक्षित आईबाप काय मदत करणार, हा शिक्षकांच्या खोलीतला आवडता सुस्कारा. कोरोनाच्या काळात, 2020 साली ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी देशभर फोनवरून पाहणी झाली होती. ज्यांच्या आईवडिलांचं शिक्षण पाचवीच्या पुढे गेलं नव्हतं, अशा मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांना घरच्या कुणी ना कुणी अभ्यासात मदत करत होतं. बऱ्याच घरांत मोठी बहीण किंवा भाऊ. सभेला त्या बहिणीला कधी बोलावलंय कुणी?

पालक-सहभागावर बोलायचं तर अमेरिकेतल्या जॉइस एप्स्टीन यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांनी सहभागाचे सहा प्रकार सांगितले आणि जगभरच्या प्रशिक्षणांत तीच सहा डब्यांची गाडी धावते. डबे मी सोडून देतो. मला त्यांचं एक म्हणणं महत्त्वाचं वाटतं: पालकांची कार्यशाळा म्हणजे ठरल्या वेळी खोलीत जमलेली माणसं एवढंच नव्हे, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोहोचली तरच ती कार्यशाळा. ही व्याख्या सभांना लावली तर आपली कित्येक इतिवृत्तं कायम करता येणार नाहीत.

म्हणून शाळेला स्वतःला तपासायचं असेल तर आलेल्यांच्या सह्या मोजू नका. वर्षभरात एकदाही न आलेली पाच घरं काढा आणि संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, रजिस्टर न घेता जा. विचारायचं एवढंच, की मुलाला सध्या काय वाचता येतं हे तुम्हाला माहीत आहे का, शाळेनं शेवटचं बोलावलं ते तक्रारीसाठी की कौतुकासाठी, आणि न बोलावता यावंसं वाटलं तर याल का. तिसऱ्या प्रश्नावर माणसं जी गप्प बसतात त्यात सगळं येतं.

सुधारणेसाठीही आभाळातून काही आणायचं नाही. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांपासून माता-पालक गट झाले, गटाला एक लीडर माता, हातात आयडिया कार्ड. कल्पना चोख आहे. तूर निवडताना दहा-दहाचे ढीग कर, डब्यावरचं नाव वाच, आज काय झालं ते सांग. आईला अक्षर येत नसलं तरी काही अडत नाही. अडतं ते पुढे. गटाचा फोटो अपलोड झाला की गट झाला. शिवाय सगळा भार आयांवर. बापाला कुणी कार्ड देत नाही.

एका शाळेतल्या बाईंनी मात्र दिलं, तेही फोनवर. बाहेरगावी कामाला असलेल्या बापांना त्या महिन्यातून एकदा स्वतः फोन करतात आणि पान नंबर सांगतात, एवढंच. त्यातल्या एका घरी मी रात्री नऊच्या सुमाराला बसलो होतो. फोन शेजारच्यांचा, स्पीकरवर टाकून ताटाला टेकवलेला. पलीकडे हैदराबादेतल्या गाड्यांचा आवाज. पोरगी पुस्तक उघडून विहिरीच्या गोष्टीचं पान वाचत होती. एका जोडाक्षराला अडखळली. पलीकडून बाप म्हणाला, “थांब. परत वाच.”

तिनं परत वाचलं. आई माझ्याकडे बघून हसली नि हळूच म्हणाली, “त्यांना तरी कुठं येतंय वाचायला. पण अडकली की कळतंय बगा.”