खानदेशची जुनी राजधानी : बुऱ्हाणपूर



राजधानी म्हटली की आपल्याला दिल्ली नाहीतर मुंबई आठवते. पण आपल्या खानदेशालाही राजधानी होती, बरं का! तिचे नाव बुऱ्हाणपूर. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे, म्हणून आपल्या राज्याच्या नकाशात ते सापडत नाही. पण धुळ्याहून जळगाव, भुसावळ, सावदा, रावेर असे गेले की पुढे बुऱ्हाणपूरच येते. हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल तिकडे गेली होती. जे आले नाहीत त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

बुऱ्हाणपूर तापी नदीच्या काठी आहे. याच तापीच्या काठी आपल्या शिरपूर तालुक्यात थाळनेर आहे. फारुकी राजांचे पहिले ठाणे थाळनेरच होते. त्यांचा पहिला राजा मलिक राजा इ.स. १३९९ मध्ये वारला. त्याची कबर थाळनेरला आहे. त्याचा मुलगा नासीरखान याने अशीरगड घेतला आणि मग तापीकाठी नवे शहर वसवले. खुलताबादला ज्यांची कबर आहे त्या बुऱ्हाणुद्दीन या संतांचे नाव शहराला दिले. म्हणजे राजधानी आपल्या जिल्ह्यातून तिकडे गेली असे म्हटले तरी चालेल.

अशीरगड बुऱ्हाणपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. उत्तरेकडून दक्षिणेत यायचे तर याच वाटेने यावे लागे. म्हणून त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. इ.स. १६०१ मध्ये अकबर बादशहाने हा गड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. मग मोगलांचे सुभेदार बुऱ्हाणपुरात राहू लागले. दक्षिणेच्या मोहिमा इथून निघत.

आता काय काय पाहिले ते सांगतो.

पहिल्यांदा जामा मशीद पाहिली. ती फारुकी राजा आदिलशहा याने बांधली. बाहेर चपला काढून आत गेलो. तिथे भिंतीवर अरबी लेख आहे आणि त्याबरोबर संस्कृत लेखही आहे! अक्षरे आपल्यासारखीच देवनागरी. आम्ही दोन-तीन अक्षरे लावून वाचली. मशिदीत संस्कृत कसे, असे आम्ही गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "राजाच्या राज्यात दोन्ही वाचणारे लोक होते, म्हणून."

नंतर तापीकाठचा शाही किल्ला पाहिला. त्यात हमामखाना म्हणजे न्हाणीघर आहे. त्याच्या छतावर रंगीत वेलबुट्टी काढलेली आहे. शहाजहान बादशहा आणि मुमताज बेगम इथे राहत होते. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथेच वारली. नदीपलीकडे जैनाबादला आहुखाना नावाची बाग होती. तिथे तिला पुरले होते. सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले आणि तिथे ताजमहाल बांधला. ताजमहाल सर्वांना माहीत आहे, पण ही पहिली जागा फार थोड्यांना माहीत आहे. तिथे ताजमहालाचा थाट नाही.

आपल्या इतिहासातले मिर्झाराजे जयसिंग आठवतात ना? इ.स. १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांच्याशी पुरंदरचा तह केला. ते इ.स. १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले. गावाबाहेर त्यांची छत्री आहे. पुढे इ.स. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने बुऱ्हाणपूरवर छापा घातला होता. बुऱ्हाणपूर हे फार श्रीमंत शहर होते, तिथे मोठमोठे व्यापारी राहत.

पण मला सगळ्यात आवडला तो कुंडी भंडारा. त्याला खूनी भंडारा असेही म्हणतात. घाबरू नका, तिथे रक्त नाही, पाणी आहे!

इ.स. १६१५ च्या सुमाराला तिथे अब्दुल रहीम खानखाना सुभेदार होता. हिंदीत ज्याचे दोहे आहेत तोच हा रहीम. शहरात माणसे वाढली, लष्कर वाढले, पाणी पुरेना. नदीचे पाणी शत्रूने बिघडवले तर काय, अशीही भीती होती. तेव्हा इराणकडच्या पद्धतीने जमिनीखालून पाणी आणले. ते असे.

सातपुड्यावर पाऊस पडतो. त्याचे काही पाणी जमिनीत मुरते आणि आतल्या आत तापीकडे सरकते. त्या वाटेवर एका ओळीत विहिरी खणल्या. त्यांना कुंडी म्हणतात. मग एका कुंडीच्या तळापासून दुसऱ्या कुंडीच्या तळापर्यंत बोगदा खोदला. बोगद्याला शहराकडे थोडा उतार दिला. मुरलेले पाणी बोगद्यात झिरपते आणि उताराने आपोआप शहराकडे वाहते. मोटार नको, वीज नको, बैलही नको. अशा शंभरावर कुंड्या आहेत. कुंड्यांमुळे आत हवा आणि उजेड जातो आणि साफसफाईला माणूस उतरू शकतो. वरून पाहिले तर शेतात ओळीने कठडे दिसतात, खाली मात्र पाणी वाहत असते.

चारशे वर्षे झाली तरी हे पाणी आहे. पण गुरुजींनी दोन गोष्टी सांगितल्या. पाण्यात चुना असतो, तो बोगद्याच्या भिंतींवर साचतो. तो काढला नाही तर वाट अरुंद होत जाते. आणि आजूबाजूला बोअर फार झाल्या तर मुरलेले पाणी वरच्यावर उपसले जाते, बोगद्यात काय येणार?

इ.स. १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दक्षिणेत फार मोठा दुष्काळ पडला. शहाजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याने लोकांसाठी अन्नछत्रे उघडली, तरी असंख्य माणसे मेली. बादशहा जवळ असला तरी पाऊस पाडता येत नाही. पडलेले पाणी सांभाळता मात्र येते.

घरी आल्यावर मी हे सगळे आजीला सांगितले. ताजमहालाचे ऐकून ती नुसती "हां" म्हणाली. कुंडी भंडाऱ्याचे सांगितले तेव्हा उठून बसली आणि म्हणाली, "आते बी पानी से का तठे?" मी म्हटले, आहे. मग तिने आपल्या फडाची गोष्ट सांगितली. आपल्या पांझरेवरही जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते. शेताचे फड पाडलेले असतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाटकरी पाळीपाळीने पाणी देणार. हेही मोटारीशिवाय, उतारानेच. ही पद्धतसुद्धा तीनशे-चारशे वर्षांची आहे. म्हणजे बुऱ्हाणपूरला बादशहाच्या सुभेदाराने केले तसे काम आपल्या इकडे साध्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केले.

आपल्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो. रांगेत हंडे लावताना मला त्या कुंड्या आठवतात.

पालकहो, बुऱ्हाणपूर जरूर पाहून या. मुलांना बरोबर न्या. भिंतींवर नावे कोरू नका आणि कुंडीत कागद, पिशव्या टाकू नका. आणि पावसाळ्याच्या आधी आपला पाट साफ करायला निघाल तेव्हा आम्हा चौथीच्या मुलांनाही हाक मारा. घमेली उचलायला आम्ही येऊ.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. धुळे