बर्फावर उलटा धावणारा कॅमेरा

कोरपना, राजुरा भागात मे महिन्यात बर्फ दिसतो तो रसवंतीत, नाहीतर पडद्यावर. पडद्यावरचा जेम्स बाँड शत्रूंना चुकवीत हिमाच्छादित उतारावरून स्कीवर घसरत येतो आणि समोरून सतत दिसत राहतो. त्याच्या पुढे कॅमेरा घेऊन कोण धावत असेल, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. १९६९ च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये ते काम जर्मनीचे विली बोगनर करीत होते, तेही उताराकडे पाठ करून.

१९४२ मध्ये म्युनिक येथे जन्मलेले बोगनर मूळचे शर्यतपटू. वडीलही स्कीपटू, १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या वतीने शपथ त्यांनीच घेतली होती. मुलाने १९६० मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रतिष्ठेची लाउबरहॉर्न डाउनहिल शर्यत जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेतील स्क्वॉ व्हॅली ऑलिम्पिकमध्ये स्लालमच्या पहिल्या फेरीअखेर तो आघाडीवर होता. दुसऱ्या फेरीत पडला.

चित्रपटाला असा शर्यतपटू का लागावा? हेलिकॉप्टरमधून घेतलेले दृश्य दूरचे असते, तर एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्यासमोरून स्कीपटू क्षणात निघून जातो. वेग जाणवायचा तर कॅमेऱ्यानेही त्याच वेगाने धावले पाहिजे. नेहमीच्या स्कीचे टोक फक्त पुढे वळलेले असते. उलटे घसरताना मागचे टोक बर्फात रुतते. म्हणून बोगनर यांनी दोन्ही टोके वर वळलेल्या स्की वापरल्या. उतारावरचे धक्के गुडघ्यांत जिरवून धड स्थिर ठेवण्याची शर्यतपटूची सवय येथे कामी आली. शिवाय एकदा उमटलेले चरे पुसता येत नाहीत. कोऱ्या बर्फावरचे दृश्य फसले, तर उतारच नवा शोधावा लागतो.

कोऱ्या बर्फाच्या या ओढीची किंमत मात्र त्याआधीच मोजली गेली होती. १२ एप्रिल १९६४ रोजी सेंट मॉरिट्झजवळ बोगनर यांच्या स्कीपटाचे चित्रीकरण सुरू असताना हिमकडा कोसळला. त्यात अमेरिकेचा अव्वल शर्यतपटू बडी वर्नर आणि जर्मनीची ऑलिम्पिकपटू बार्बी हेन्नेबर्गर हे दोघे मृत्युमुखी पडले. वर्नर २८ वर्षांचा होता, हेन्नेबर्गर २३ वर्षांची. ती बोगनर यांची जिवलग मैत्रीण होती. स्विस न्यायालयाने त्यांना प्रथम निर्दोष ठरविले. अपिलात मात्र निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोन महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली. तो स्कीपट १९६६ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर तीन वर्षांनी पडद्यावर आलेल्या बाँडपटातील पाठलागाच्या शेवटीही हिमकडा कोसळतो. त्या चित्रीकरणाकडे बोगनर कोणत्या मनाने पाहत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे १९७७, १९८१ आणि १९८५ च्या बाँडपटांतील बर्फावरची दृश्येही त्यांनी टिपली. १९८१ च्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’च्या वेळी इटलीतील कोर्तिना येथे बर्फाच्या घळीतून धावणाऱ्या बॉबस्लेचा अपघात होऊन पाओलो रिगोन हा साहसवीर दगावला. आता हेलिकॉप्टरखाली टांगलेला कॅमेराही स्थिर राहू शकतो. अशाच ‘शॉटओव्हर के-१’ या यंत्रणेसाठी अभियंते विकास साठये आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांना २०१८ मध्ये ऑस्कर अकादमीने गौरविले. बोगनर यांच्या हाती तेव्हा स्वतःचे गुडघेच होते. १९८६ चा त्यांचा ‘फायर अँड आइस’ पाहावा तो त्यासाठीच. कथा नावापुरतीच आहे.