पेशीच्या दफ्तरातील रद्द फर्माने

वनस्पतीच्या पेशीत केंद्रकामध्ये जतन केलेला आनुवंशिक लेख स्वतः जागचा हलत नाही. त्यातील ज्या भागाची निकड असेल तेवढ्याची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते आणि तिच्या बरहुकूम केंद्रकाबाहेर प्रथिने घडतात. हे फर्मान रवाना होण्यापूर्वी त्याच्या अग्रभागी रासायनिक शिक्का बसतो, मधला अनावश्यक मजकूर छाटून उरलेले खंड सांधले जातात आणि अखेरीस अ‍ॅडेनिनची दीर्घ शृंखला जोडली जाते. इतके संस्कार झालेल्या हुकमाची अंमलबजावणी होणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे.

या समजुतीला छेद दिला तो पेट्यूनियाच्या फुलांनी. कॅलिफोर्नियात कॅरोलिन नापोली, रिचर्ड जॉर्गेनसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्याच्या निर्मितीस आवश्यक असलेल्या चाल्कोन सिन्थेज या विकराच्या जनुकाची जादा प्रत जांभळ्या पेट्यूनियात घातली. परंतु १९९० साली त्यांनी प्रसिद्ध केल्याप्रमाणे, रंग गडद होण्याऐवजी कित्येक झाडांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली, कारण नव्या जनुकाबरोबर मूळ जनुकाचे संदेशही नष्ट होत होते.

याचा उलगडा पुढे झाला. आरएनएचा दुपदरी धागा आढळताच वनस्पतीची पेशी त्याचे २१ ते २४ घटकांचे बारीक तुकडे करते. आर्गोनॉट नावाची प्रथिने यातील एकेक तुकडा धारण करून त्याच्याशी जुळणारा संदेश हुडकतात आणि तो छेदून टाकतात. अशा सूक्ष्म आरएनएचा पुरावा नॉर्विच येथील अँड्र्यू हॅमिल्टन व डेव्हिड बॉलकोम यांनी १९९९ साली मांडला.

ही व्यवस्था मुळात विषाणूंच्या बंदोबस्तासाठीही राबते, कारण बहुतेक वनस्पतीविषाणूंचा जनुकसंभार आरएनएचाच असतो. हवाई बेटांवरील पपईच्या बागा वलयी ठिपक्यांच्या विषाणूने उद्ध्वस्त होत असताना त्याच विषाणूच्या कवचप्रथिनाचे जनुक घातलेले वाण १९९८ साली शेतकऱ्यांना मिळाले आणि झाडांनी विषाणूचे संदेश याच मार्गाने मोडून काढले.

तेव्हा पिकात नवा गुण आणू पाहणाऱ्याने जनुक दाखल केले म्हणजे कार्य सिद्धीस गेले असे मानू नये. पेशी कोणता संदेश मान्य करील आणि कोणता रद्द ठरवील, याचे ज्ञान जनुकाच्या ज्ञानाइतकेच मोलाचे आहे, आणि वनस्पतीचे सामर्थ्य या रद्द करण्याच्या अधिकारातही सामावलेले आहे.