आठशे मीटर आणि आम्ही दोघी जावा



धावणे हा पोरासोरांचा, नाही तर पोट भरलेल्यांचा उद्योग, असे आम्हालाही वाटत होते. आम्ही दोघी जावा. एक अंगणवाडीत मदतनीस, दुसरी चार घरचा स्वयंपाक करणारी. एकीची चाळिशी उलटलेली, दुसरी उंबरठ्यावर. दिवसभर उभ्याने काम, त्यात आणखी व्यायाम कशाला, हे आमचे ठरलेले उत्तर. ते बदलले घरातल्या लेकीमुळे.

लेक थोरलीची, पण वाढली दोघींच्या हाताखाली. २०२४ च्या पोलीस भरतीत तिने अर्ज भरला होता. लेखीचा अभ्यास चांगला, पण आधी मैदान असते. शारीरिक चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची. निम्मे गुण तरी मिळाले तर पुढचा विचार. पोरगी पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे, आणि दुसऱ्या फेरीत मध्येच खाली बसली. ओकारी झाली. घरी येऊन म्हणाली, "काकू, माझ्या अंगात धावणंच नाही." काकूला म्हणाली, आईला नाही. आईपुढे रडायची तिला लाज वाटली असावी.

सराव करायचा तर पहाटे पाचला, नळाला पाणी यायच्या आधी. वडील रात्रपाळीला, काका रिक्षा घेऊन बाहेर. अंधारात तरुण मुलीला एकटीला कसे सोडायचे? म्हणून आम्ही सोबतीला. पहिले आठ दिवस नागसेनवनातल्या मैदानाच्या कडेला शाल पांघरून बसलो. बसून थंडी वाजते म्हणून उठलो, आणि उठलोच आहोत तर चालू लागलो. आमची सुरुवात एवढीच.

वस्तीतले एक निवृत्त फौजी दादा तिथे फिरायला येत. त्यांनी लेकीची चूक पहिल्याच दिवशी पकडली. मैदानावर बाकीच्या सुटल्या की हीही जीव खाऊन सुटत असे. ४०० मीटरच्या दोन फेऱ्या तीन मिनिटे वीस सेकंदांत करायच्या, तर प्रत्येक फेरीला शंभर सेकंद. ही पहिली फेरी ऐंशीत करायची आणि दुसरीत पाय दगड व्हायचे. म्हणजे अंगात धावणे होते, हिशेब नव्हता. दादांनी तिला महिनाभर घड्याळच दाखवले नाही. "बोलता येईल इतक्याच जोरात पळ," एवढे सांगितले. वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला. ही खूण आम्हालाही लागू पडली, कारण बोलणे तर आमच्याकडे भरपूर!

आम्हाला त्यांनी एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सांगितले. असे सहा-सात वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आम्हाला वाटले, रोज केले तर लवकर जमेल. तिसऱ्या आठवड्यात रोज गेलो आणि धाकटीच्या नडग्या अशा दुखल्या की जिना उतरवेना. दम महिनाभरात वाढू लागतो, पण हाडे आणि स्नायूंचे बंध हळूहळू पक्के होतात. त्यांना विसावा लागतो. दहा दिवस घरी बसावे लागले, ते शिक्षण फुकटचे नव्हते. चपलाही सोडल्या. बाजारातून साधे पण मापाचे बूट आणले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे. घरातला मोठा खर्च एवढाच.

दुसरी गोष्ट रक्ताची. लेक जरा पळाली की डोळ्यांपुढे अंधारी येई. सरकारी दवाखान्यात तपासले तर हिमोग्लोबिन नऊ. बाईचे बारा तरी असावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला होता. मग आळशी म्हणून हिणवायचे कोणाला? गोळ्या दवाखान्यातूनच मिळाल्या. जेवणावर लगेच चहा पिणे बंद केले, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळू लागलो. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले, आणि अंधारी गेली. आम्हीही रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. छातीत दुखले, गरगरले तर थांबायचे आणि डॉक्टर गाठायचा. तिथे हिंमत दाखवायची नाही.

टवाळी झालीच. कोपऱ्यावरची पोरे "मावशी, बस सुटली का?" म्हणून ओरडत. सासूबाईंचा टोला त्याहून भारी. म्हणाल्या, "मी जन्मभर पाण्यासाठी पळाले, तेव्हा कोणी बूट नाही दिले." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पण आता पहाटे पाचला दार उघडून त्याच आम्हाला हाक मारतात.

लेकीने अभ्यासाच्या पुस्तकातली एक हकीगत मैदानावर सांगितली. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा ८०० मीटर धावू दिले. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली, तो जागतिक विक्रम होता. पण शर्यत संपल्यावर दमलेल्या बायका पाहून वर्तमानपत्रांनी भडक बातम्या छापल्या की हे बाईच्या शरीराला झेपणारे नाही. शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती परत आली १९६० साली रोममध्ये. बत्तीस वर्षे! पुरुष दमून आडवे पडले तर त्याला जिद्द म्हणतात. आणि इकडे आपल्या साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावून आली. ही हकीगत सांगताना पोरगी ताठ उभी होती. "माझ्या अंगात नाही" हे शब्द तिच्या तोंडून त्यानंतर ऐकले नाहीत.

सहा महिने झाले. आम्ही दोघी न थांबता वीस मिनिटे धावतो. वेग विचारू नका, शेळ्या पुढे जातात. गुडघे कुरकुरायचे ते थांबले, रात्री झोप लागते. लेकीचे ८०० मीटर ३ मिनिटे १४ सेकंदांवर आले आहे. गेल्या भरतीत पूर्ण गुणांना २ मिनिटे ५० सेकंद लागत होते, म्हणजे अजून चोवीस सेकंद काढायचे आहेत. पुढच्या भरतीचे मैदान व्हायचे आहे. गेल्या रविवारी तिने दुसरी फेरी पहिलीपेक्षा दोन सेकंद कमी वेळात मारली आणि रेषेपलीकडे उभी राहून आईला हाक मारली, काकूला नाही. थोरली तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून ती पळतच आली.